विरजण

दाढ दुखली, तिथून हे सगळं सुरू झालं.
सात दिवसांच्या गोळ्या. दाढ गप्प बसली,
आणि पोट जे बोलायला लागलं
ते ऑक्टोबरपासून फेब्रुवारीपर्यंत थांबेना.

तीनदा बरी झाले. तीनदा
दहाव्या-बाराव्या दिवशी तीच कळ, तोच वास.
मॉरीन नर्सला दारातच कळायचं.
पिवळा एप्रन बांधत म्हणायची,
"याला जेल चालत नाही, लव्ह. साबण आणि पाणीच."

हरिहर दिवसातून वीस-वीस वेळा हात धुवायचा.
ग्रिम्सबीच्या थंडीत त्याच्या बोटांच्या पेरांना भेगा पडल्या.
तो त्यावर काही बोलला नाही, मीही नाही.
सगळं पोटात ठेवायची आम्हा दोघांची सवय,
आणि माझ्या पोटात तर
पेजसुद्धा राहत नव्हती.

मग तो तरुण डॉक्टर, ओवेन,
खाटेशी उकिडवा बसला, म्हणाला, तण मारता मारता
आम्ही तुमची सगळी बागच मारली.
आता दुसऱ्याच्या बागेतलं थोडं आणून लावू.
दुसऱ्याचं नेमकं काय, हे सांगताना
त्याचे कान लाल झाले.
मीच त्याची सुटका केली. म्हटलं, कळलं,
दही लावायचंय.

अकोल्याच्या रेल्वे क्वार्टरमध्ये
आमचं विरजण बिघडलं की मला वाटी देऊन
मेहेरबाईंकडे पाठवायचे.
दिवेलागणीनंतर विरजण देऊ नये म्हणतात.
त्या द्यायच्या. एक चमचा, वर न बघता,
हातातलं निवडणं तसंच चालू.
सकाळी दही घट्ट लागलं
की ते कुणाच्या घरचं हे कोण विचारतं?

इथेही सांगत नाहीत. निरोगी आहे,
साठीच्या आत आहे, बस्स.
कुठल्याशा शहरातून गोठवून आलं,
नाकातल्या नळीनं आत गेलं,
आणि मी छताकडे बघत पडले.
छताच्या एका चौकोनावर चहाचा डाग होता.
छतावर चहा कसा सांडतो,
याचा मी बराच वेळ विचार केला.

आता बसमध्ये लोकांची पोटं बघते.
हॅडक निवडणारा तो लाल दाढीवाला,
शाळेपुढे मुलांना रस्ता पार करून देणारी,
तुझं का? तुझं?
कुणाला दोन ओळी लिहायच्या म्हटलं
तरी पत्ता नाही, आणि मायना काय लिहू?

आमच्याकडे म्हणतात, आनंदावर विरजण पडलं.
ही म्हण ज्यानं काढली
त्याच्या घरी दही लागत नसावं.

पण बरं होणं असं एका रात्रीत लागत नाही.
पोटात गुडगुड झाली की अजून जीव गोळा होतो.
क्लीथॉर्प्सच्या किनाऱ्यावरची सगळी शौचालयं,
कुठलं चारला बंद होतं, कुठल्याची कडी मोडकी,
मला पाठ आहेत.
गुरगुट्या भात, वर कुमुदताईनं पाठवलेलं मेतकूट,
चिमूटभर, मग दीड चिमूट.
तुपाला महिना लागला.
मध्ये एकदा वाटाण्याची उसळ खाल्ली
आणि दोन दिवस कुणाशी बोलले नाही.

काल बाकावर बसलो होतो. ओहोटी,
समुद्र पार लांब गेलेला, नुसता चिखल चमकत होता.
हरिहर कागदातले चिप्स खात होता,
माझ्याकडे थोडी पाठ करून, सवयीनं.
आणि माझ्या पोटात ओरडलं काहीतरी.
कावळे नाहीत. या गावात कावळ्यांचं चालत नाही,
डोक्यावर घिरट्या घालणारे ते पांढरे लुटारू,
त्यांच्यापैकीच कुणीतरी.
कळ नव्हती ती. मी दोनदा तपासून पाहिलं.
भूक होती.

हात घालून एक चिप उचलला.
व्हिनेगरनं ओठ चुरचुरले.
त्यानं कागद जरा माझ्याकडे सरकवला,
बोटांच्या भेगा भरल्यात त्याच्या, पांढऱ्या रेघा राहिल्यात.
दुसरा खाल्ला. तिसरा
सीगलनं नेला.

जादा कपड्यांची पिशवी
अजून माझ्या मांडीवरच होती.
असू दे म्हटलं. वाऱ्याला बरी.