शून्यावरची म्हैस

आण्णांच्या सहा म्हशी मी पहिल्यांदा
एका ओळीत बांधल्या त्या कॉलेजच्या लॅबमध्ये,
अकरा नंबरच्या पीसीवर,
ज्याचं एंटर दोनदा दाबावं लागतं.

इंगवले मॅडम म्हणाल्या होत्या, ॲरे म्हणजे
एकाच जातीच्या गोष्टी, शेजारी शेजारी, एका नावाखाली.
मला दुसरं काय सुचणार?
पाच पंढरपुरी, एक मुऱ्हा,
भेद न करता सगळ्यांना पूर्णांक केलं,
मग सहावीचं दूध विचारलं.
काळ्या पडद्यावर उत्तर आलं:
बत्तीस हजार सातशे चौसष्ट लिटर.

सुफिया बारगीर खुर्चीतनं पडायची राहिली.
"रंकाळ्यात तरी मावंल का रे एवढं?"
मागनं कोणीतरी पातेलं आणायला उठलं.

मॅडम हसल्या नाहीत.
फळ्यावर सहा चौकोन काढले, पहिल्यावर लिहिलं शून्य.
"सहावर तुझं काही नाही. ते दुसऱ्याचं रान.
कुंपण ओलांडून कुणाचं तरी दावं ओढलंस तू."
आणि म्हणाल्या, हा नंबर नव्हे, अंतर आहे,
दारापासून किती पावलं.
पहिली दारातच उभी. तिच्यापर्यंत चालायचं काय?

वहीत उतरवलं. पटलं नाही.
आम्ही एकापासून मोजणारी माणसं.
फार तर माप घालताना एकाऐवजी लाभ म्हणू,
पण शून्य?

त्या रात्री गंगावेशीत, कट्ट्याजवळ,
आण्णा चांदणीपाशी उकिडवे बसलेले.
तालमीतली दोन पोरं थांबलेली, एक रिक्षावाला,
एक बाई बरणी घेऊन.
मी पेले विसळत होतो, डोक्यात फॉर लूप.
आण्णांनी पहिली धार भुईवर सोडली.
मग दुसरी, पेल्यात.

एकोणीस वर्षं हे बघतोय.

"आण्णा, ती धार कितवी?"
"कुठली?"
"भुईवर सोडलासा ती."
मान वर न करता म्हणाले,
"ती मोजायची नसती.
पण सोडल्याबिगर पुढचं मोजाय येत न्हाई."
पेला भरला, फेस काठावर आला.
मग म्हणाले, "हां. एक."

एप्रिलात तोंडी परीक्षेला इस्लामपूरचे सर आले.
चष्मा पुसत विचारलं, ॲरे शून्यापासून का?
मी अंतर सांगितलं, मेमरीतला पत्ता सांगितला,
पुस्तकातलं सगळं.
धार ओठापर्यंत आली होती, गिळली.
दहापैकी सात.

जिन्यात सुफियाला मात्र सांगितलं,
भुई, पेला, फेस, सगळं.
दोन पायऱ्या ती गप्प उतरली.
"मी असतो तर तेच सांगितलो असतो."
"आणि मार्क?"
"पाच पडले असते,"
ओढणी सावरत म्हणाली,
"पण सांगितलो असतो."