लाभार्थी

अर्जातल्या सातव्या रकान्यात विचारलंय:
लाभार्थींची संख्या.
वेस्ली कायू खिडकीतून ओढ्याकडे बघतो.
गेल्या साली चौदा.
त्यातला एक बहुधा दोनदा मोजलेला.

रस्त्याखालचा पाइप
पाण्यापासून हातभर वर लटकलाय.
सॅल्मन उडी घेतो, आपटतो, पुन्हा घेतो.
निधी सप्टेंबरअखेर खर्ची पडायला हवा;
मासे स्कॅजिटमधून वळतात ऑक्टोबरात.
त्यांना कुणी कळवलेलं नाही.

तो लिहितो, चौदा. खोडतो.
अस्वल धरायचं का?
आणि देवदार, ज्यांच्या मुळांत
काटे मुरतात वर्षानुवर्षं?
आई, जी अजून
धुरीची लाकडं फोडून ठेवते?

रकाना बोटभर.
'सोबत जादा पान जोडले आहे,'
एवढं लिहून
तो गमबूट चढवतो
आणि ओढ्यावर जातो
पान आणायला.