किलवरची सत्ती

सुईच्या खाली दाते असतात, कापड पुढे ढकलणारे.
नव्या मशिनींत एक बटण दाबलं की ते खाली बसतात.
ही सिंगर १९२७ची, हिला बसणं ठाऊक नाही.
सरळ जाते, सासूबाईंसारखी:
घर, चर्च, मासळीचा कारखाना, घर.
त्यांच्या मनगटाने घासून घासून
काळ्या अंगावरची सोनेरी वेल एका जागी पुसली गेलीय.
मीही मनगट तिथेच टेकते.

मला वळायचं होतं. म्हणून दात्यांवर एक पत्ता चिकटवला,
सुईपुरतं भोक पाडून, चारी कडा टेपने दाबून.
कापड आता त्यावरून असं घसरतं
जसं ओहोटीला शेवाळावरून पाऊल.
एव्हरेटच्या कॅटमधला पत्ता. किलवरची सत्ती.
निवडून नाही घेतला, वर होता तो उचलला.

आता कुठे जायचं ते मशीन सांगत नाही.
पाय पायडलवर, दोन्ही तळवे गोधडीवर पसरलेले,
टाका केवढा ते त्यांनी आपसांत ठरवायचं.
पायाने घाई केली आणि हात रेंगाळले
तर मुंग्यांएवढे टाके, एकावर एक.
हात पळाले तर लांबच लांब,
झोपेत अंगठा अडकेल असे.
पहिला महिना मी शिवण्यापेक्षा उसवलंच जास्त.
आणि वळणावर ताण चुकला
की खालच्या अंगाला दोऱ्याचे फासे, पापण्यांसारखे.
वरून पत्ता लागत नाही.
डॉक्टरही म्हणाले होते, वरून तर तब्येत ठणठणीत आहे.

एव्हरेट खिडकीपाशी पेशन्स मांडतो.
चाळीस वर्षं लॉबस्टरचे पिंजरे ओढलेली बोटं
पत्त्यांची कड चाचपडतात.
बाहेर ब्लू रॉक्सवर धुकं, धक्का दिसत नाही.
डाव सुटत नाही. सुटणार कसा?
छक्की लागते, अठ्ठी हातात तयार, मधे खिंडार.
तो मोजतो: एक्कावन्न.
परत मोजतो, तिशीच्या आसपास हरवतो,
परत पहिल्यापासून.
मग कोटाचे खिसे, पावाचा डबा, माझ्या चपला.
"किलवरची सत्ती," तो म्हणतो, "काल होती."
माझं नाव शोधायला त्याला हल्ली वेळ लागतो.
सत्ती मात्र पक्की लक्षात.

मी नवा कॅट आणून दिला. त्याने हुंगला,
म्हणाला, हे माझे नाहीत.
नव्हतेच.

सांगायचं रोज ठरवते. रोज पायडल चालू करते.

फेब्रुवारीत एका दुपारी तो उठून आला,
माझ्या खांद्यामागे उभा राहिला.
निळ्या कापडावर मी मनाला येईल तशी वळणं काढत होते,
खुणा न करता.
"इकडे नको," तो म्हणाला, "इथे खडक आहे."
आणि बोट ठेवलं,
सुईपासून चार इंचांवर.
मी हात वळवले.
"आता सरळ. थोडं अजून. झिंकच्या घराचं धुराडं
देवळाच्या कळसाआड गेलं की डावीकडे."
खाली त्या घराचं नावसुद्धा कुठे नव्हतं,
नुसता सुती निळा तुकडा, कुणाच्या तरी शर्टाचा.
मी पाय हळू केला. टाके एकसारखे पडू लागले,
तीन महिन्यांत पहिल्यांदा.
दीड तास त्याने मला बंदरात आणलं.
एकही खडक लागला नाही.

मग वाकून त्याने सुईखाली पाहिलं.
कापड सरकलं होतं, भोकाशेजारी
किलवरचं एक काळं पान दिसत होतं.
माझा पाय थांबला.
त्याने बराच वेळ पाहिलं.
"असू दे," म्हणाला, "कामात आहे ती."

आता तो पेशन्स मांडतो तेव्हा
छक्कीवर एक रिकामी टिचकी मारतो
आणि अठ्ठी लावतो.
डाव सुटतो कधीकधी.
गोधडी अजून अर्धी आहे.
खालच्या अंगाच्या पापण्या मी उसवत नाही.