आंबट वास गेला

वडणग्याच्या दूध संस्थेत मी टेस्टर.
पहाटे पाच ते सात, संध्याकाळी पुन्हा.
कॅनचं झाकण उघडलं की आधी नाक, मग मशीन.
मशीन फॅट सांगतं, डिग्री सांगतं.
रात्रीचं दूध सकाळच्यात कुणी मिसळलं
ते माझं नाक सांगतं.

सोयरा दीड महिन्याची असल्यापासून
पाजलं की उलटायची.
खांद्यावर, पदरावर, अभ्र्यावर
फुटलेलं दूध, आंबट.
डॉक्टर म्हणाले, आत जळजळतंय तिला,
ॲसिडचं औषध लिहून देतो.
अर्धा मिली, पाजायच्या आधी,
सिरिंजनं, गालाच्या आतल्या बाजूला.

दहा दिवसांत वास गेला.
मी अभ्रा हुंगला, परत हुंगला.
ताजं दूध.
संस्थेत आलं असतं तर पास केलं असतं.
"गुण आला बघ," सासूबाई म्हणाल्या.
मीच तेवढी गप्प.
दूध वर येतच होतं,
फक्त आंबट यायचं थांबलं होतं.
आणि दर चार घोटांना ती तशीच अडायची,
भुवया लाल, डोळ्यांत पाणी,
आणि घशात एक ओला आवाज,
पाणी यायच्या आधी नळ करतो तसा.

तीन बाटल्या संपल्या.
औषध बदललं, डोस वाढला.
दोनदा छाती भरली, दोनदा ॲडमिट.
शेजारची शकूआत्ती म्हणाली,
"तुझंच दूध पातळ असंल."

सांगायला लाज वाटते.
एका रात्री संस्थेचं कुलूप काढून
मी माझ्याच दुधाची डिग्री बघितली.
मशीननं सभासद नंबर मागितला.
शून्य दाबलं.
पावती अजून पर्समध्ये आहे.

राजारामपुरीत मगदूम मॅडम गिळणं तपासतात.
गिळण्याचाही डॉक्टर असतो
हे मला माहीत नव्हतं.
दुधात कसलीशी पांढरी पूड कालवून
एक्सरेच्या मशीनपुढं सोयराला बसवलं.
पडद्यावर दूध काळं दिसतं.
इतकी वर्षं दुधात गेली,
काळं दूध पहिल्यांदा बघितलं.
पहिला घोट नीट उतरला. दुसराही.
तिसऱ्याचा एक दोरा
पुढं वळला, श्वासाच्या नळीत,
आणि ती खोकलीसुद्धा नाही.

मॅडम म्हणाल्या, औषधानं आंबटपणा जातो,
गिळणं सुधारत नाही.
म्हणाल्या, तुमच्या दुधात काही कमी नाही,
ते तिच्या घशापेक्षा घाईत आहे, एवढंच.
मी विचारलं, मग हे चार महिने?
त्या कागदावर काहीतरी लिहीत राहिल्या.

येताना शिवाजी पुलावर गाडी थांबवली यांनी.
खाली पंचगंगा, बंधाऱ्यानं अडवलेली.
दोघंही काही बोललो नाही.

आता मोजून पावडर घालते,
चमच्यावरून दूध सावकाश गळेल इतकी.
दुधात काय काय मिसळतात म्हणून
मी गावातल्या किती जणांचे कॅन परत पाठवलेत!
त्याच हातांनी ढवळते, बघते,
अजून अर्धा चमचा.
ओला आवाज कमी आलाय.
गेलाय असं नाही म्हणत.

औषध मॅडमनी हळूहळू बंद केलं.
काल दुपारी उलटली थोडी, माझ्या खांद्यावर.
सवयीनं हुंगलं.
आंबट.
का कोण जाणे,
बरं वाटलं.