पावतीतली सातवी ओळ

प्रवेश, ग्रंथालय, जिमखाना, ओळखपत्र,
परीक्षा, विद्यार्थी साहाय्य निधी,
आणि मग सातवी ओळ:
संगणक सुविधा शुल्क, तीनशे वीस फक्त.

बी.ए. पहिल्या वर्षाची प्रणोती दडमल
त्या ओळीवर नख ठेवून खिडकीशी उभी.
"सर, हे कोन्तं होय?
मी तं कॉम्प्युटरले हात बी नाही लावला."
मागे रांग. छत्र्या, खोकला, झेरॉक्सचे भिजके कोपरे.
मी लॅबचा माणूस,
क्लार्क रजेवर म्हणून त्या दिवशी खिडकीत.
म्हटलं, सगळ्यांनाच असतं.
"सगळ्यायले असते, पण काय असते?"

अकरा वर्षं मी हे शुल्क पुसतो, झाडतो, बंद करून चालू करतो.
उत्तर माझ्याकडे नव्हतं.

दुपारी ती लॅबच्या दाराशी आलीच.
चपला बाहेर काढल्या.
इथं चालतात, म्हटलं, तरी काढल्या.
मशिनी चोवीस. सुरू होतात सतरा.
हे हिरवे दिवे मिचकावतात ना, ते नेट,
सिंदेवाहीत उतरलेलं, वर्षाच्या बिलाचं.
ही वायर उन्हाळ्यात खारीनं कुरतडली,
तिच्या दातांचे पैसेही तुम्हीच भरले.
हा प्रिंटर, याची शाई
रक्तासारखी जपून वापरतो.
आणि कपाटामागे, जिथं कोणी बघत नाही,
आठ बॅटऱ्या, काळ्या, म्हशींसारख्या बसलेल्या.
प्राचार्यांच्या केबिनमधला कॅमेराही यातलाच.
ते मी हळू आवाजात सांगितलं.

ती ऐकत होती की मोजत होती, कळेना.
मग म्हणाली, "चारशे रुपये शेकडा.
ऐंशी पुडे झाले.
एका पुड्यात सत्तर पानं, म्हणजे
पाच हजार सहाशे."
मे महिन्यातली पहाट तिच्या बोटांवर अजून होती,
तेंदूच्या चिकाचे डाग, नखांच्या कडेला.
"यातलं माय्या पानाचं कोन्तं?"

काय दाखवणार?
पैसा शाईत गेला की शाईतला पैसा वेगळा काढता येत नाही.
मी सतरा नंबरची खुर्ची ओढली.
बस म्हटलं.
माऊस तिनं असा धरला
जसं कोंबडीचं पिल्लू,
दाबू नये आणि सुटूही नये.

मग जानेवारी. शिष्यवृत्तीच्या अर्जाची शेवटची तारीख,
सहा वाजता साइट बंद.
सतरा मशिनींवर एकतीस पोरं,
आणि सव्वापाचला लाइट गेली.
पंखे थांबले. गुंजेवाहीच्या गाडीचं कोणीतरी बोललं.
पडदे मात्र उजळलेच राहिले.
कपाटामागून दर पाच सेकंदांना
एक बारीक टीट.
टीट.
प्रणोतीचा अर्ज केव्हाच गेला होता.
ती राकेश गेडामच्या मागे उभी, सांगत होती,
"उत्पन्नाचा दाखला पयले, मंग फोटो. घाई नोको करू."
मी दहा मशिनी बंद केल्या, सात ठेवल्या,
पोरं तिघं-तिघं एका खुर्चीवर.
टीट जवळ-जवळ येऊ लागली,
पाच अठ्ठावन्नला सलगच झाली,
आणि राकेशच्या पडद्यावर
बारा आकडी नोंदणी क्रमांक उमटला.
तो लिहून घेतला तिनं तळहातावर.
मग अंधार.
अंधारात कोणीतरी हसलं.
दोघांचे अर्ज राहिले. त्यांची नावं मला माहीत आहेत.

त्यानंतर बॅटऱ्यांसाठी मी पुन्हा अर्ज लिहिला.
शेरा आला: पुढील सत्रात पाहावे.

यंदाच्या पावतीत सातवी ओळ तिथंच आहे,
रक्कम तीनशे चाळीस.
पंच्याऐंशी पुडे.
हा हिशोब आता मलाही तोंडपाठ,
पानांचा भाव तेवढाच राहिला तर.