अकरा मिनिटं चाळीस सेकंद

मांजरी बुद्रुकच्या सगुणाबाई घुल्यांनी माती दिली
दुधाच्या धुतलेल्या पिशवीत, तोंडाला सुतळी.
म्हणाल्या, "पाणी काळं येतं, पण पालक काय तरारतो!
तपासा बाई. फक्त पालकाचं नाव खराब करू नका."

माती वाळवली, चाळली.
जाळीवर राहिला एक लांब केस,
काचेच्या बांगडीचा तुकडा, हिरवा.
तो टेबलावर ठेवला. का, ते माहीत नाही.
नोंदवहीत त्याला रकाना नाही.

तापाची गोळी सहसा सापडत नाही,
आठवड्याभरात जिवाणू ती फस्त करतात.
अँटिबायोटिकचं वेगळं:
ती काळ्या मातीच्या पापुद्र्यांत शिरतात,
जुन्या वहीत दडपलेल्या पावतीसारखी,
आणि आतून कडी घालतात.

एक औषध मात्र कुणाचंच ऐकत नाही.
शुद्धीकरणाच्या टाक्यांत हवा फुंकतात, गाळ बसवतात,
ते निवांत पार होतं.
यकृताने त्याला साखरेची गाठ मारून देहाबाहेर धाडलेलं,
गटारातले जिवाणू साखर तेवढी खातात
आणि ते पुन्हा तसंच, गोळीत होतं तसं.
मग कालवा. मग सरी. मग मूळ.
पाणी पानाच्या कडेपर्यंत चढतं, उडून जातं.
ते मागे राहतं काठाशी,
मांडव उतरला तरी न उठलेल्या पाहुण्यासारखं.

पडद्यावर रेघ सरळ चालली होती.
अकरा मिनिटं चाळीस सेकंदांनी उभी राहिली.

हे नाव मला यंत्राच्या आधीपासून पाठ आहे.
सकाळी एक, रात्री एक, जेवणानंतर,
श्रीरंगच्या फिटची गोळी.
चौदा वर्षं मोजून दिली मी, माझ्या भावाला.
तो गेला त्याच्या तेराव्याला, धनकवडीच्या घरात,
उरलेली दीड पट्टी फोडून
एकेक गोळी संडासात टाकली, साखळी ओढली.
वाटलं, संपलं.

ही त्याची नाही. एवढ्या शहरात
किती घरांतून रात्री कुणी कुणाला विचारतं,
"घेतलीस का?"
रेघेला आडनाव नसतं.
आणि किलोमागे साडेतीन मायक्रोग्रॅम म्हणजे
पोहण्याच्या मोठ्या तलावात दोन चमचे साखर.
असं मी विद्यार्थ्यांना सांगते.
आज स्वतःला सांगितलं, दोनदा.

संध्याकाळी फोन आला.
"काय निघालं हो?"
"औषध."
"फवारणीचं? मी तर औंदा मारलंच नाही."
"माणसांचं."
पलीकडे मोटर बंद झाल्याचा आवाज,
कुणीतरी जुड्या मोजत होतं, बावीस, तेवीस.
"कुणाचं?" सगुणाबाईंनी विचारलं.

मी नमुना क्रमांक सांगितला.