हातचा

हंगेरीच्या दक्षिणेला एका गावाचं नाव आहे पेच.
तिथे ते नुसतं नाव.
मी मराठीत उच्चारतो, म्हणून अडकतो.

नोव्हेंबरातला शनिवार. शाळेत एकच खोली तापलेली.
एटेल्का बाईंनी पिशवी उपडी केली टेबलावर :
आठ हातमोजे, पोरांनीच हरवलेले,
एकाचंही दुसऱ्याशी सूत न जुळणारे.
"लावा जोड्या. डावं-उजवं करू नका.
कोणीही कोणाशीही. किती तऱ्हा?"

बोरोका गुणत सुटली.
आठ साते छप्पन्न, मग सहाने, मग पाचाने,
चाळीस हजार तीनशे वीस.
पेन्सिलीचं टोक मोडलं तेव्हाच थांबली.

बाई हसल्या नाहीत.
"लाल-निळा मोजलास, निळा-लालही मोजलास.
लग्न एक आणि वऱ्हाड दोनदा जेवलं.
वर जोड्यांना रांगेत उभं केलंस.
पहिली कोण, चौथी कोण, त्यांना काय त्याचं?"

मग भागाकार. चार वेळा दोनाने,
एकदा चोवीसाने.
खोडरबराच्या चुऱ्यात उरले
एकशे पाच.

मागच्या बाकावरून विल्मोश, ज्याने वहीच उघडली नव्हती :
"लाल उचलायचा. विचारायचं, कोण हवं? सात जण आहेत.
मग उरलेल्यांतला कुठलाही. त्याला पाच.
पुढच्याला तीन.
शेवटच्याला कोण विचारतंय!"
सात पाचा पस्तीस, पस्तीस त्रिक एकशे पाच.

दोन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही.
तिसऱ्या दिवशी, दात घासताना, कळलं :
आपण सगळ्यांना एकदम हलवत होतो,
त्याने एकाचाच हात धरला.

घरी आई हातमोजे शिवते.
कारखाना बंद पडला, मशीन घरी आलं.
साचा कातडं कापतो तो दोन्ही हातांचं,
आणि बाबांचा उजवा हात
कोळशाच्या खाणीत, पट्ट्याखाली राहिला.
दर हिवाळ्यात डावा मोजा त्यांना,
उजवा खणात.
असे अकरा. कोरे. बोटं सरळ, कोणाचीही वाट न पाहणारी.

तिने ते पलंगावर मांडले.
एकी की बेकी, बघायचीही गरज नव्हती.
एक बाजूला ठेवायचा, तो निवडायला अकरा वाटा,
उरलेल्या दहांना नऊ, सात, पाच, तीन, एक.
दहा हजार तीनशे पंच्याण्णव.
उत्तर बरोबर होतं
आणि त्यातली एकही तऱ्हा या घरात चालणारी नव्हती.

पुढच्या शनिवारी छत्तीसचे भाजक.
एकाला छत्तीस, दोनाला अठरा,
तिनाला बारा, चाराला नऊ.
"आणि सहा?"
वर्ग गप्प. रेडिएटर ठणठणला.
"सहाला सहाच," बाई म्हणाल्या. "ती चूक नाही.
म्हणून तर भाजक नऊ. म्हणून तर छत्तीस हा वर्ग."
बोरोकाने समासात एक टिंब काढलं.
ते कशासाठी, तिलाही सांगता आलं नसतं.

एका हाताने टाळी वाजत नाही म्हणतात.
बाबा फुटबॉल बघताना मांडीवर वाजवतात,
शेजाऱ्यांना ऐकू जाते.

रविवारी पाव आणायला निघाले,
दाराशी डावा मोजा दातांनी ओढून चढवत.
तिने खणातून एक उजवा घेतला.
तिच्या बोटांच्या पुढे प्रत्येक बोटात
इंचभर काळोख उरला.

ती त्यांच्या उजव्या बाजूने चालली.
बाबांनी मोज्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.
"मोठा होतोय तुला."
"होऊ दे."

बेकरीतल्या बाईंनी सुटे परत दिले,
तिने ते मोज्याच्या तळव्यात घेतले,
मोजले नाहीत.